कुलूप गोपनीय, किल्ली चव्हाट्यावर

पुण्यातल्या विजेच्या खांबांवर सध्या तीन जाहिराती हमखास दिसतात: मूळव्याध, कॉट बेसिस आणि एथिकल हॅकिंग. तिन्हींत खात्रीचा दिलासा कबूल केलेला असतो. तिसरीतला मुलगा टोपी पुढे ओढून अंधारात बसलेला, चेहरा गायब, मागे हिरवे आकडे पावसासारखे गळताहेत. तीन महिने, शनिवार-रविवार बॅच, शेवटी प्रमाणपत्र आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. संगणकाची सुरक्षा शिकणाऱ्याने दिवा का लावायचा नाही, याचा खुलासा मात्र नसतो.

घरोघरी चर्चा सुरू झालेली आहे. इंजिनिअर झालेल्या चिरंजीवांना पुढचा बेत विचारला की ते ‘सायबर सिक्युरिटी’ म्हणतात. वडील विचारतात, ‘म्हणजे पोलिसात का?’ आईचं म्हणणं एवढंच, की आधी माझ्या फोनमध्ये ते सारखं काहीतरी वाजतं ते बंद करून दे. विषयाची व्यावहारिक बाजू घरात फक्त तिला कळलेली असते.

ज्यांना खरोखर शिकायचंय त्यांनी कोलकात्याचं तिकीट काढावं. शहराच्या उत्तरेला बरानगर, 203, बॅरकपूर ट्रंक रोड. ही भारतीय सांख्यिकी संस्था. प्रशांतचंद्र महालनोबिसांनी 1931 मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात काढलेली. देशातला पहिला डिजिटल संगणक 1950 च्या दशकात आला तो इथेच. इथे ‘क्रिप्टॉलॉजी अँड सिक्युरिटी’ या विषयात दोन वर्षांचं एम.टेक. करता येतं. शिकवणीची फी नाही, त्यामुळे खांबावर जाहिरातही नाही. आणि कोलकात्यातली दमट हवा पाहता डोक्यावर टोपी ओढून बसणं तब्येतीलाही परवडणारं नाही.

हॅकर व्हायला आलेल्या मुलाची पहिल्याच सत्रात गाठ पडते ती बीजगणिताशी. मग संभाव्यता, संख्याशास्त्र, अल्गोरिदम. चोर-पोलीस खेळायला आलो आणि मूळसंख्या मोजत बसलो, असं त्याला वाटू लागतं. कारण इथे ‘सुरक्षित’ हा शब्द जाहिरातीतून येत नाही, सिद्ध करावा लागतो. शत्रूकडे किती वेळ आहे, किती ताकद आहे, त्याला काय काय दिसतं, हे आधी लिहून द्यायचं. मग एवढं सगळं त्याच्या हाती असूनही तो अमुक गोष्ट का करू शकत नाही, ते ओळ ओळ दाखवायचं. ‘आमची यंत्रणा पूर्णपणे सुरक्षित आहे’ असं एका वाक्यात उरकणाऱ्या प्रवक्त्याला या वर्गात पहिल्या चाचणीत भोपळा मिळेल.

इथलं संशोधन केंद्र राजचंद्र बोस यांच्या नावाचं आहे. ऑयलरसारख्या महागणितज्ञाने 1782 मध्ये लॅटिन चौरसांबद्दल एक अंदाज बांधला होता. पुढची 177 वर्षं तो कुणाला खोडता आला नव्हता. 1959 मध्ये बोस, अमेरिकेतले पार्कर आणि नागपूरला शिकलेले आपले शरदचंद्र शंकर श्रीखंडे या तिघांनी तो खोटा ठरवला. न्यूयॉर्क टाइम्सने ती बातमी पहिल्या पानावर घेतली. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात होते आणि 2020 मध्ये वयाच्या 102 व्या वर्षी गेले. आपल्या पहिल्या पानांवर त्या दिवसांत जागा नव्हती.

बोसांचा माल मात्र आपण रोज वापरतो. 1960 मध्ये त्यांनी आणि रायचौधुरींनी चुका दुरुस्त करणारी एक सांकेतिक पद्धत मांडली. ऑकेंगेम नावाच्या फ्रेंच गणितज्ञालाही ती स्वतंत्रपणे सापडली होती, म्हणून तिघांच्या आद्याक्षरांवरून ती बीसीएच म्हणवते. वडापावच्या गाडीवरच्या क्यूआर कोडमध्ये, कोड कसा वाचायचा हे सांगणारी जी टिकली-टिकलीची माहिती असते, ती याच पद्धतीने राखलेली आहे. वर तेल उडालं, कोपरा पुसट झाला, तरी फोन ती वाचतो. एवढं गणित तेलाशी झुंजतंय, आणि रात्री कुणीतरी येऊन त्याच्यावर स्वतःच्या खात्याचा स्टिकर चिकटवून जातो. स्टिकर पाच रुपयांचा.

आता या विद्येचा पहिला धडा. तो 1883 सालचा आहे आणि तो लिहिणारा ऑगुस्त केरकॉफ हा पॅरिसात जर्मन भाषा शिकवणारा मास्तर होता. त्याचं सांगणं असं: तुमच्या यंत्रणेचा सगळा आराखडा शत्रूच्या हाती पडला तरी तुमचं काही बिघडता कामा नये. गुपित असावी ती फक्त किल्ली. कुलूप कसं बनवलंय ते खुशाल जगाला दाखवा, तज्ज्ञांना बोलवा, फोडून बघा म्हणा. किल्ली तेवढी जपा, आणि हरवली तर लगेच बदलता येईल अशी ठेवा. पुढे क्लॉड शॅननने हेच आणखी थोडक्यात सांगितलं: शत्रूला यंत्रणा माहीत आहे असंच धरून चला.

हे न ऐकल्याने काय होतं त्याचं उदाहरण आरसी-4. रॉन रिव्हेस्टने 1987 मध्ये केलेलं हे संकेतन कंपनीने व्यापारी गुपित म्हणून झाकून ठेवलं. 1994 मध्ये कुणा अनामिकाने ते गुपित फोडलं आणि जगभरच्या अभ्यासकांनी त्याची चिरफाड सुरू केली. 2001 पर्यंत त्याच्यावर उभं असलेलं वायफायचं जुनं संरक्षण कोसळलं. कोलकात्याच्या या संस्थेत सुभमय मैत्र आणि गौतम पाल यांनी त्याच्या खोडी वर्षानुवर्षं मोजल्या आणि 2011 मध्ये त्याच्यावर अख्खं पुस्तक काढलं. 2015 मध्ये इंटरनेटच्या सुरक्षित जोडणीतून आरसी-4 ला अधिकृतपणे हद्दपार केलं गेलं. याच्या उलट चाल अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेची. छोट्या उपकरणांसाठी संकेतन हवं होतं, तर त्यांनी खुली स्पर्धा लावली: प्रत्येकाने आपलं कुलूप मांडायचं, बाकीच्यांनी फोडायचं. शेवटच्या 10 जणांत ‘गिफ्ट-कॉफ्ब’ होतं आणि त्याच्या कर्त्यांत कोलकात्याचे मृदुल नंदी होते. 2023 मध्ये ‘आस्कॉन’ जिंकलं. हरणाऱ्यांपैकी कुणीही जिंकणाऱ्यावर गुन्हा दाखल केला नाही.

गुन्ह्याचा विषय निघाला म्हणून आपल्याकडे वळू. केरकॉफचा धडा आपल्या कार्यालयांनीही वाचलेला आहे. फक्त पान उलटं धरून. कुलूप आम्ही कुणालाच दाखवणार नाही, आणि किल्ली दरवाजाबाहेरच्या कुंडीखाली ठेवली आहे, असं सर्वांना कळवलं आहे.

आधी कुलपाचं. जानेवारी 2018 मध्ये ट्रिब्यून या दैनिकाच्या वार्ताहराने बातमी दिली, की 500 रुपये दिले आणि आधारच्या माहितीत डोकावण्याची सोय झाली. आधार प्राधिकरणाने बायोमेट्रिक माहिती सुरक्षित असल्याचं सांगितलं आणि पोलिसात तक्रार दिली. तक्रारीत वार्ताहराचंही नाव होतं. मार्चमध्ये महान्यायवादींनी सर्वोच्च न्यायालयाला दिलासा दिला, की ही माहिती 13 फूट उंच आणि 5 फूट जाड भिंतींच्या आड आहे. बरानगरच्या वर्गात या उत्तराला गुण कसे द्यायचे हा प्रश्न आहे. बांधकाम विभागाने मात्र पैकीच्या पैकी दिले असते.

त्याआधीची गोष्ट 2010 ची. हैदराबादच्या हरी प्रसाद यांनी दोन परदेशी संशोधकांबरोबर मतदान यंत्राच्या त्रुटी जगापुढे मांडल्या. त्यांना अभ्यासाला मिळालेलं यंत्र मुंबईतल्या सरकारी ताब्यातलं निघालं. सरकारी ताब्यातून यंत्र बाहेर आलंच कसं, हा सुरक्षेचा सगळ्यात पहिला प्रश्न झाला असता. ऑगस्टमध्ये मुंबई पोलीस हैदराबादला गेले आणि हरी प्रसादांना घेऊन आले. यंत्र जपणाऱ्यांपेक्षा यंत्र उघडणाऱ्याचा पत्ता सापडणं सोपं असतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 आहेच: परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरलात तर 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलमाला ‘लबाडीने’ किंवा ‘कपटाने’ हे शब्द आहेत, पण तुम्ही लबाड नव्हता हे ठरायला कोर्टाची पायरी चढावी लागते. त्यामुळे भोक दिसलं की शहाणा विद्यार्थी ते शोधनिबंधात परदेशी कंपनीचं असेल तरच लिहितो. तिथे बक्षीस मिळतं. इथे समन्स.

2022 मध्ये आधार प्राधिकरणालाही चूक दाखवणाऱ्यांना बोलवावंसं वाटलं हे खरं. निवडक 20 हॅकर घ्यायचं ठरलं. पात्रतेच्या अटींत एक अट होती: उमेदवाराकडे स्वतःचं वैध आधार हवं. चोरांनाही हीच अट घातली असती तर निम्मं काम तिथेच संपलं असतं.

हे सगळं आपल्याला नवं आहे असं मात्र कुणी म्हणू नये. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले आणि हिरकणी तान्ह्या बाळासाठी कडा उतरून घरी गेली, ही आख्यायिका आपण चौथीपासून ऐकतो. त्या आख्यायिकेतला महत्त्वाचा भाग शेवटचा आहे. महाराजांनी तिला बोलावून घेतलं, साडीचोळी दिली आणि ज्या जागी ती उतरली तिथे बुरूज बांधला. गडाच्या सुरक्षेतली उणीव उघड केल्याबद्दल तिच्यावर कलम लावलं नाही, की ‘कडा पूर्णपणे अभेद्य आहे, अफवांवर विश्वास ठेवू नये’ असं पत्रकही काढलं नाही. हल्लीच्या गडावर आधी पत्रक निघतं. बुरुजाची निविदा पुढच्या आर्थिक वर्षात.

आता किल्लीचं. इथे कोलकात्याचा हात कुणी धरू शकत नाही, कारण हाताचीच गोष्ट आहे. 1858 मध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या साहेबाने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारनाम्यावर पंजाच उमटवून घेतला. उद्या ‘ही सही माझी नव्हेच’ म्हणायची सोय राहू नये एवढाच हेतू. आजच्या एम.टेक.च्या अभ्यासात डिजिटल सहीच्या प्रकरणात नेमकं हेच शिकवतात, फक्त त्यात शाई नसते. 1877 मध्ये हर्शेल हुगळीला गेला आणि जमिनीच्या दस्तनोंदणीत त्याने बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. 1897 मध्ये कोलकात्यात ठशांचं कार्यालय निघालं, जगातलं पहिलं. ठशांची वर्गवारी 1,024 खणांत बसवण्याची करामत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची. पद्धत आजही ‘हेन्री’ नावाने ओळखली जाते, कारण त्या दोघांच्या साहेबाचं नाव हेन्री होतं. 1901 मध्ये ती स्कॉटलंड यार्डात गेली. थोडक्यात, दुय्यम निबंधक कार्यालयात आपण फ्लॅट घेताना अंगठा देतो त्या परंपरेचा उगम हुगळीकाठचा.

तोवर अंगठा हे नाव होतं. कुणाचा कोण, हे सांगणारं. नाव चारचौघांत घेतलं तर बिघडत नाही, म्हणून दस्तावर, पावतीवर, पेन्शनच्या कागदावर अंगठे उमटत राहिले. मग आपण बँकेच्या तिजोरीला तोच अंगठा किल्ली म्हणून बसवला. आधारशी जोडलेल्या पेमेंट पद्धतीत पैसे काढायला बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोट पुरतं. पिन नको, ओटीपी नको. खेड्यातल्या म्हातारीला पिन लक्षात ठेवायला लागू नये हा हेतू चांगला होता. म्हातारीचा अंगठा आधीच शंभर कागदांवर आहे, हे कुणी विचारात घेतलं नाही.

2023 मध्ये कोलकात्यातल्या सुशिक्षित, पासबुक भरून आणणाऱ्या खातेदारांच्या खात्यांतून पैसे जाऊ लागले. हजार नाही, दोन हजार नाही. एका वेळेला जास्तीत जास्त काढता येतात तेवढे, म्हणजे दहा हजारांपर्यंत. मोबाइलवर आधी ओटीपी नाही, फोन नाही, लिंक नाही. तपासात पोलिसांचं बोट जमीन-नोंदणीच्या दस्तांकडे वळलं. दस्ताच्या प्रतींवर आधार क्रमांकही होता आणि अंगठाही. त्यावरून सिलिकॉनचा अंगठा ओतायचा आणि यंत्रावर टेकवायचा. कुलूप कुणी फोडलं नाही. त्याच्या गणिताला ओरखडाही गेला नाही. किल्लीची छापील प्रत सरकारनेच मुद्रांक शुल्क घेऊन जतन केली होती. हर्शेलने तोतये रोखायला हुगळीत जे सुरू केलं, त्याच्याच आधारे 146 वर्षांनी तोतये तयार झाले. कोलकाता पोलिसांनी नागरिकांना सल्ला दिला, की आपलं बायोमेट्रिक लॉक करा. नागरिकांनी विचारलं, ते उघडं होतं का?

आधी कधीच कुणी सावध केलं नाही असंही नाही. 27 मे 2022 रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने लोकांना बजावलं होतं, की आधारची झेरॉक्स ज्याला त्याला देत सुटू नका, क्रमांक झाकलेली प्रत द्या. केरकॉफ ऐकता तर गहिवरला असता. दोन दिवसांत पत्रक मागे घेतलं. कारण: लोकांचा गैरसमज होण्याची शक्यता. योग्य समज होण्याचा धोका तेवढा टळला.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की कोलकात्यात हा विषय शिकवणारी संस्था एकच आहे. दुसरीही आहे. सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये आयटी कंपन्यांच्या गर्दीत अधूनमधून खोट्या कॉल सेंटरांवर छापे पडतात. अमेरिकेतल्या, युरोपातल्या आजी-आजोबांच्या पडद्यावर ‘तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे’ अशी पाटी झळकवायची, खाली फोन नंबर द्यायचा, फोन आला की दूरवरून संगणक चालवण्याचं सॉफ्टवेअर त्यांच्याच हाताने उतरवून घ्यायचं. 2022 मध्ये मार्क रोबर या अमेरिकी यूट्यूबरने शहरातल्या अशा केंद्रांत झुरळं सोडायला लावून त्याचा व्हिडिओ केला. तो जगभर गाजला. या दुसऱ्या संस्थेत प्रवेशपरीक्षा नाही, बीजगणित नाही. तिथल्या अभ्यासक्रमात एकच ओळ आहे: किल्ली शोधत बसू नये, मालकाला मागावी. मालक देतो. घाबरवून मागितली तर सुट्या पैशांसकट देतो.

‘डिजिटल अरेस्ट’ हा त्याच विद्येचा देशी अवतार. जुलै 2025 मध्ये कोलकात्याच्या वरच्या अंगाला कल्याणीच्या न्यायालयाने अशा एका प्रकरणात नऊ जणांना जन्मठेप ठोठावली. एका गृहस्थाला व्हिडिओ कॉलवर खोट्या पोलिसांनी ‘अटक’ करून 1 कोटी उकळले होते. आरोपींत महाराष्ट्रातून पकडून नेलेलेही होते. बंगालशी आपलं बौद्धिक देवाणघेवाणीचं नातं जुनंच आहे.

मग बरानगरहून दोन वर्षांनी बाहेर पडलेला मुलगा करतो काय? काहीजण पीएच.डी.ला परदेशी जातात, काही मोठ्या कंपन्यांत. काहींच्या नशिबी बँक येते. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन-तीन दिवसांत 94 कोटी गेले. 28 देशांतल्या एटीएममधून खोटी कार्डं चालली. ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट काढली. तेव्हापासून प्रत्येक बँकेला ‘सिक्युरिटीचा माणूस’ लागतो. त्याचं काम असतं एक्सेलच्या तक्त्यात ‘होय’ लिहिणं. फायरवॉल आहे का? होय. धोरण आहे का? होय. संचालकांनी वाचलं का? होय. दर 45 दिवसांनी पासवर्ड बदलायला लावता का? होय. निस्टने 2017 मध्येच सांगितलं, की उगाच मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात. आपल्या तक्त्याला ते अजून कळलेलं नाही. कर्मचारी नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवतो. सिद्धान्त मांडणारा मुलगा ती चिठ्ठी बघतो, आणि तक्त्यात ‘होय’ लिहितो.

तेव्हा एम.टेक.च्या जागा वाढवा ही मागणी रास्तच आहे, वाढवाव्यात. पण केरकॉफ समजायला एम.टेक. लागत नाही. दस्तनोंदणीच्या खिडकीवर, सिमकार्डाच्या दुकानात, हॉटेलच्या काउंटरवर, सोसायटीच्या गेटवर रजिस्टर पुढे करणाऱ्याने एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: मी जे मागतोय ते चोराच्या हाती लागलं, तर या माणसाला बदलून मिळेल का? पासवर्ड मिळतो. कार्ड मिळतं. वैतागलात तर बँकही बदलता येते. अंगठा बदलून देण्याची सोय अजून कुठल्याही सेतू केंद्रात नाही. उद्या झालीच, तर अर्जासोबत आधारच्या दोन झेरॉक्स लागतील, खाली अंगठा उठवून, स्वाक्षांकित.